बाप्तिस्मा करणारा योहान उंटाच्या केसांचे वस्त्र का नेसत असे आणि टोळ का खात असे?

आपण विचारले आहे की, उंटाच्या केसांचे वस्त्र, कातड्याचा कमरबंद आणि टोळ व रानमध एवढ्यावर राहणाऱ्या, यार्देन नदीकाठी लोकांना पश्चात्ताप करा म्हणणाऱ्या योहान संदेष्ट्याच्या राहणीमागे काही प्रतीकात्मक अर्थ आहे, की तो आपल्याकडच्या एखाद्या संन्याशासारखा केवळ विरक्त पुरुष होता. मी गेली अनेक वर्षे नगर जिल्ह्यातील एका मंडळीच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवतो आणि डिसेंबरात योहानाचा पाठ आला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. मुलांना अर्थात वस्त्रापेक्षा टोळांचीच उत्सुकता अधिक असते.

माझे उत्तर असे आहे की, वस्त्र आणि अन्न या दोन गोष्टी वेगवेगळे बोलतात. योहान कोणाचा वारस आहे हे वस्त्र सांगते, आणि तो कोणाचाही मिंधा नाही हे अन्न सांगते. या दोहोंना मिळून ‘साधेपणा’ असे एकच नाव दिले की अर्धा अर्थ हातातून निसटतो.

मूळ मजकूर फारच थोडा आहे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांपैकी मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायातील चौथे वचन आणि मार्काच्या पहिल्या अध्यायातील सहावे वचन, एवढ्या दोनच ठिकाणी या राहणीचे वर्णन येते. तिसरा शुभवर्तमानकार लूक वस्त्राविषयी काही लिहीत नाही. तो द्राक्षारस आणि मद्य यांना योहान शिवणार नाही एवढेच त्याच्या जन्माआधीच्या देवदूताच्या निरोपात सांगतो. तेव्हा या दोन वचनांवर किती इमारत उभी करायची याचे भान ठेवावे लागते.

वस्त्रापासून सुरुवात करतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मंडळीच्या नाटिकेत मला योहान केले होते. वडिलांनी ओळखीच्या धनगराकडून घोंगडे मागून आणले, त्यांच्याच पँटचा पट्टा माझ्या कमरेला दोन वेढे घालून बांधला आणि मला उभे केले. “अहो सापाच्या पिलांनो” हे वाक्य मी एका हाताने मान खाजवत म्हटले आणि सगळी मंडळी हसली. तेव्हापासून हे वचन वाचताना मला प्रथम मानेवरची ती खाज आठवते, आणि मला वाटते की अर्थ शोधताना ती विसरू नये. वचनात उंटाचे कातडे नव्हे तर केस म्हटले आहेत. चित्रकारांनी पुष्कळदा योहानाला कातडे पांघरलेले दाखवले असले, तरी मजकुराला अपेक्षित आहे ते केसांचे विणलेले जाडेभरडे कापड. उंटाचे केस वसंतात झडतात, ते गोळा करून कातता येतात, आणि वरच्या राठ केसांचे कापड अंगाला टोचते. उंट हा मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध प्राणी असल्यामुळे योहान मुद्दाम अशुद्ध वस्तू अंगावर घेत होता, असे काही जण सांगतात. ते मला पटत नाही. त्या नियमशास्त्रातील लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात बंदी आहे ती उंटाचे मांस खाण्याला आणि त्याच्या शवाला शिवण्याला. जिवंत उंटाच्या झडलेल्या केसांना नाही.

या वस्त्राची खरी किल्ली २ राजे या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. इस्राएलचा राजा अहज्या माडीच्या जाळीतून खाली पडून अंथरुणाला खिळला होता. आपण बरे होऊ की नाही हे विचारण्यासाठी त्याने एक्रोन येथील बआल-जबूब या दैवताकडे दूत पाठवले. वाटेत एका माणसाने त्या दूतांना अडवले आणि राजा मरणार असा निरोप देऊन परत पाठवले. राजाने विचारले, तो माणूस दिसायला कसा होता? दूतांनी सांगितले की तो केसाळ होता आणि त्याच्या कमरेला कातड्याचा कमरबंद होता. राजाने तत्काळ ओळखले, तो संदेष्टा एलीया तिश्बी आहे. मूळ हिब्रूतील शब्दांचा सरळ अर्थ ‘केसांचा धनी’ असा होतो. त्यामुळे तो स्वतः केसाळ होता की केसांचे वस्त्र नेसलेला होता, याबद्दल भाषांतरकारांत मतभेद आहेत. आपल्या प्रश्नापुरता मुद्दा असा की, केस आणि कातड्याचा कमरबंद या दोन खुणांवरून राजाने नाव न सांगता माणूस ओळखला. मत्तय आणि मार्क योहानाच्या अंगावर नेमक्या याच दोन खुणा ठेवतात. आपल्याकडे पिवळा अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात भंडारा दिसला की वाघ्या आला हे कोणाला सांगावे लागत नाही, तसेच हे आहे.

ही ओळख त्या काळी इतकी महत्त्वाची का होती, हे मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातील शेवटच्या अध्यायावरून कळते. परमेश्वराचा दिवस येण्यापूर्वी एलीयाला पाठवीन, असे अभिवचन तेथे आहे. एलीया मेला नव्हता. तो यार्देनेच्या पलीकडे वावटळीतून वर घेतला गेला होता, आणि त्याआधी त्याने आपला झगा गुंडाळून यार्देनेच्या पाण्यावर मारला होता. आता त्याच नदीकाठी, त्याच वेशात, एक माणूस उभा राहतो आणि पश्चात्ताप करा म्हणतो. यरुशलेमहून उतरून आलेल्या माणसाला पहिला शब्द ऐकण्याआधीच निम्मा संदेश डोळ्यांनी मिळालेला असे. गंमत अशी की, योहानाच्या शुभवर्तमानात (हा लेखक योहान वेगळा) मंदिरातले याजक आणि लेवी त्याला सरळ विचारतात, तू एलीया आहेस काय? आणि तो म्हणतो, मी नाही. वेश एलीयाचा घालायचा आणि नावावर हक्क मात्र सांगायचा नाही, हा त्याच्या स्वभावाचा भाग मला फार लक्षणीय वाटतो. त्याला एलीया म्हटले ते येशूने, त्याच्या पाठीमागे.

एक सावधगिरी येथेच सांगतो. जखऱ्या संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात असे म्हटले आहे की, लोकांना फसवण्यासाठी संदेष्टे यापुढे केसांचा झगा घालणार नाहीत. म्हणजे योहानाच्या कितीतरी आधी हा वेश इतका प्रसिद्ध झाला होता की भोंदूंनाही तो सोयीचा वाटू लागला होता. कफनीवरून साधू ठरत नाही हे त्या लोकांनाही ठाऊक होते. म्हणून वस्त्राच्या जोडीला अन्नाचा उल्लेख आला हे चांगले झाले; कपडे बदलायला क्षणभर पुरतो, जेवण रोज करावे लागते.

अन्नाकडे वळण्यापूर्वी जागेविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या मराठी बायबलमधील ‘अरण्य’ हा शब्द वाचकाला चकवतो. अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी येते. यहूदीयाचे अरण्य म्हणजे उघडेबोडके चुनखडीचे डोंगर. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तेथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्याही ४०० मीटरहून खाली आहे. पावसाचे ढग डोंगरमाथ्यावरच रिकामे होतात आणि पूर्वेचा उतार कोरडा राहतो. अशा ठिकाणी टोळ आणि रानमध हे काही कोणी चवीने निवडलेले पदार्थ नव्हेत. कपारीतील पोळे आणि झुडपावरील टोळ, जे मिळेल ते.

टोळ खाणे हे किळसवाणे किंवा विचित्र मानले जात नव्हते. लेवीयच्या अकराव्या अध्यायात इतर पंखांचे किडे वर्ज्य सांगून, उडी मारण्यासाठी पायांना सांधे असलेल्या टोळांच्या चार जाती खाण्यास मोकळीक दिली आहे. मृत समुद्राजवळ ज्या पंथाचे ग्रंथ सापडले, त्याच्या एका नियमावलीत टोळ जिवंत असतानाच विस्तवात किंवा पाण्यात टाकावेत असे सांगितले आहे. म्हणजे ते भाजून किंवा उकडून खाल्ले जात. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी धर्मनियमांच्या संग्रहात तर टोळ खाण्यापूर्वी कोणती स्तुती म्हणावी हेही आहे, आणि तेथेच रब्बी यहूदा हरकत घेतात की जी वस्तू शापाच्या जातीची आहे तिच्यावर स्तुती म्हणूच नये. येमेनमधील यहूदी लोकांत पाय आणि पंख काढून भाजलेले टोळ खाण्याची प्रथा अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकून होती. मे २०२० मध्ये विदर्भात अमरावती, नागपूरकडे टोळधाड आली होती, तेव्हा शेतकरी थाळ्या बडवत आणि धूर करत शेतात धावत होते. टोळ हा शब्द ऐकून आपल्याला जे आठवते ते रब्बी यहूदांच्या बाजूचे आहे. ज्या किड्याने माणसाचे पीक खावे त्यालाच खाऊन जगणे, यात एक तिरकस विनोद आहे असे मला वाटते, पण शुभवर्तमानकारांना तो अभिप्रेत होता असे मी म्हणणार नाही.

पुष्कळांना हे टोळ पचलेले नाहीत. दुसऱ्या शतकातील एबियोनी पंथाच्या शुभवर्तमानात टोळांचा उल्लेख गाळून त्याजागी तेलातल्या पोळीसारखी चव असलेला रानमध आला. ग्रीकमध्ये टोळाला ‘अक्रिस’ आणि अशा पोळीला ‘एन्क्रिस’ म्हणतात. एक-दोन अक्षरांच्या फेराने टोळाची पोळी झाली. पुढे काहींनी ते टोळ नसून कॅरोब झाडाच्या शेंगा असाव्यात असे सांगितले आणि युरोपात त्या शेंगांना ‘योहानाची भाकर’ असे नावच पडले. संताने किडे खावेत हे मनाला न रुचल्यामुळे केलेल्या या दुरुस्त्या आहेत. मूळ शब्दात संदिग्धता नाही.

आता मधाकडे पाहू. इस्राएलात मध म्हणजे नेहमी मधमाश्यांचाच असे नाही; खजुराच्या काकवीलाही तोच शब्द चालत असे. मात्र पाळीव मधमाश्याही होत्या. यार्देनेच्या खोऱ्यातील तेल रेहोव येथे २००७ मध्ये उत्खननात मातीच्या पोळ्यांच्या रांगा सापडल्या, त्या योहानाच्याही सुमारे नऊशे वर्षे आधीच्या. तेव्हा ‘रान’ हा शब्द केवळ शोभेचा नाही. ज्या मधाला मालक नाही, ज्यावर कोणाची मेहनत, खंडणी किंवा उपकार नाही, तो रानमध. टोळांचेही तसेच. न पेरलेले, न विकत घेतलेले, न कोणी वाढलेले असे हे अन्न आहे, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा अर्थ येथेच आहे.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतात. ही कल्पना बायबललाही अनोळखी नाही: एज्राच्या चौथ्या अध्यायात यहूदी लोकांविरुद्ध तक्रार करणारे अधिकारी पर्शियाच्या राजाला लिहितात की आम्ही राजवाड्याचे मीठ खातो, म्हणून राजाचे नुकसान आम्हांला बघवत नाही. संदेष्टा कोणाच्या पंक्तीला जेवतो, हा प्रश्न त्या इतिहासात वारंवार येतो. १ राजेच्या अठराव्या अध्यायात बआल या दैवताचे ४५० आणि अशेरा या देवीचे ४०० संदेष्टे असा आकडा देऊन मजकूर पुढे सांगतो की हे सगळे ईजबेल राणीच्या पंक्तीला जेवणारे होते. त्याच काळातल्या दुष्काळात एलीयाला कावळे भाकर आणून देत होते, आणि पुढे सारफथच्या एका विधवेने मडक्यातल्या मूठभर पिठाची भाकर दिली. योहानाने एलीयाचा वेश घेतला तशीच त्याची शिदोरीही घेतली, फक्त कावळ्यांच्या जागी मधमाश्या आल्या.

योहानाच्या बाबतीत हे अधिक बोचते, कारण त्याला दुसरे ताट तयार होते. लूक सांगतो की त्याचा बाप जखऱ्या हा अबीयाच्या वर्गातला याजक होता आणि आई अलीशिबा अहरोनाच्या कुळातली. याजकपद वंशाने चालत आलेले. मुलाने वडिलांच्या मागे मंदिरात जायचे, तलम तागाची वस्त्रे नेसायची, निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताने विणलेला कमरबंद बांधायचा आणि अर्पणांतला आपला वाटा खायचा, हे ठरल्यासारखे होते. यहेज्केलाच्या ४४व्या अध्यायात तर आतल्या अंगणात सेवा करताना याजकांनी लोकरीचे काही अंगावर घालू नये असा स्पष्ट नियम आहे. आता तागाच्या जागी उंटाचे केस, विणलेल्या कमरबंदाच्या जागी कातडे आणि वेदीवरच्या वाट्याच्या जागी टोळ व मध ठेवून पाहा. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे मध वेदीवर जाळण्यास बंदी होती, म्हणजे योहान जे खात होता ते मंदिरात होमार्पण म्हणून चाललेच नसते. शुभवर्तमानकार ही तुलना स्वतः करत नाहीत, हे माझे वाचन आहे. पण पापक्षमेसाठी लोकांना मंदिराकडे न पाठवता नदीवर बोलावणाऱ्या याजकपुत्राबद्दल ते मला ओढूनताणून केलेले वाटत नाही. याउलट, मध म्हणजे देवाच्या वचनाची गोडी आणि टोळ म्हणजे देवाचा कोप, अशी जी विभागणी प्रवचनांत ऐकू येते, तिला या वचनांत काहीच आधार नाही. स्तोत्रांत वचनाला मधाची उपमा आहे आणि योएलात टोळ हा दंड आहे, हे खरे. पण दोन वेगळ्या पुस्तकांतून दोन टोके आणून गाठ मारली की प्रतीक तयार होते असे नाही.

संन्यासाशी तुलना करण्याचा मोह मलाही होतो, आणि ती अगदीच गैरलागू नाही. योहानानंतर काही वर्षांनी त्याच प्रदेशात बान्नूस नावाचा एक तपस्वी राहत होता; इतिहासकार योसेफस तरुणपणी तीन वर्षे त्याच्याजवळ राहिला. झाडांपासून मिळेल ते तो नेसे, आपोआप उगवेल ते खाई आणि शुद्धीसाठी रात्रंदिवस थंड पाण्याने स्नान करी. हे चित्र आपल्या तपस्व्यांच्या खूप जवळचे आहे. योहानाचा फरक असा की, त्याचे अरण्य एकांतासाठी नव्हते. त्याने गर्दी जमवली, आणि ती गर्दी जेव्हा विचारू लागली की आम्ही काय करावे, तेव्हा त्याने कोणालाही उंटाच्या केसांचे वस्त्र घ्यायला सांगितले नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायातील ही उत्तरे मी मुलांकडून पाठ करून घेतो. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला एकही नाही त्याला एक द्यावा, अन्नाचेही तसेच. जकातदारांना तो म्हणाला, ठरवून दिले आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कोणाला धाकदपटशा करून लुबाडू नका, आपल्या पगारात राहा. जकातनाका सोडा, तलवार टाका, अरण्यात या, असे त्याने कोणालाही म्हटले नाही. वस्त्राचे वर्णन न करणारा लूकच अंगरख्याची ही गोष्ट आपल्याला देतो, याचे मला नेहमी कौतुक वाटते. योहानाची राहणी ही त्याच्या कामाची खूण होती. यिर्मयाने मानेवर जू घेऊन फिरावे किंवा यशयाने तीन वर्षे उघडे व अनवाणी चालावे, त्या जातीची. ती इतरांसाठी नियम नव्हती.

येशूने तर ही राहणी उचललीच नाही. तो लग्नाला गेला, जकातदारांच्या घरी जेवला, आणि लोकांनी त्याला खादाड व दारूबाज म्हटले. योहान खातपीत नव्हता तर त्याला भूत लागले आहे म्हटले. गोव्यात २४ जूनला योहानाच्या जन्माचा सण ‘सांजांव’ म्हणून साजरा होतो, तेव्हा तरुण मुले पानाफुलांचे कोपेल डोक्यावर घालून विहिरीत उड्या मारतात, गातात, आणि फेणीही वाहते. द्राक्षारसाला न शिवलेल्या माणसाचा हा उत्सव पाहून पूर्वी मला हसू येई. आता वाटते की तो सण योहानाच्या जेवणाचा नाहीच, येशूची आई मरीया हिची हाक ऐकून अलीशिबेच्या उदरात आनंदाने उडी मारलेल्या बाळाचा आहे.

पण आपण प्रतीकाबद्दल विचारले आहे, म्हणून एक प्रसंग सांगायचा राहतो. योहान तुरुंगात असताना येशू लोकांना विचारतो, तुम्ही अरण्यात काय पाहायला गेला होता? वाऱ्याने हलणारा बोरू? तलम वस्त्रे घातलेला माणूस? तलम वस्त्रे घालणारे राजवाड्यांत असतात. हा टोला कोणाला होता हे ऐकणाऱ्यांना कळले असावे, कारण गालीलचा अधिपती हेरोद अंतिपा याने तिबिर्या शहराच्या स्थापनेच्या सुमारास पाडलेल्या नाण्यांवर बोरूचे चित्र होते. याच हेरोदाला योहानाने तोंडावर सांगितले होते की, भावाची बायको ठेवणे तुला योग्य नाही. हेरोदाचे मीठ खाल्लेल्या कोणाला हे सांगवले नसते. मार्काच्या सहाव्या अध्यायात हेरोदाच्या वाढदिवसाची मेजवानी आहे. गालीलमधले प्रधान, सरदार आणि प्रमुख लोक पंक्तीला बसले आहेत, हेरोदियेची मुलगी नाचते, राजा शपथ वाहून बसतो, आणि जो माणूस आयुष्यभर कोणाच्याही पंक्तीला बसला नव्हता त्याचे शीर तबकात घालून त्या पंक्तीत आणले जाते.